नुसतं तेल

हँडल फिरत नव्हतं. शालिकरामजींनी धोतराचा काचा आवळला, पाय रोवले, दातओठ खाल्ले आणि अंगाचा सगळा भार त्या लोखंडी दांडीवर टाकला. दांडी जागची हलली नाही. हात तेवढा सटकला आणि बोटांची सालटं मोटारीच्या नंबराच्या पत्र्यावर राहिली. मग त्यांनी मोटारीला लाथ घातली. त्यानं अंगठा सुजला, म्हणजे हातही गेला आणि पायही गेला, आणि मोटार होती तशीच होती.

शालिकरामजी पौनीकर हे संत्र्यांचे दलाल. बागवाला आणि व्यापारी यांच्या मध्ये उभं राहून, हातावर रुमाल टाकून, रुमालाखाली बोटं दाबून ते भाव ठरवायचे. दोन अडेल माणसं कितीही हट्टाला पेटली तरी त्यांना एका आकड्यावर आणायची कला त्यांच्या अंगात होती. त्यामुळे जगात जे काही अडतं ते बोलून नाहीतर दाबून सुटतं, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. या मोटारीला बोलून फरक पडत नव्हता आणि दाबून तर मुळीच नाही.

मोटार अमेरिकन, जुनी, कापडी टपाची. जंगलखात्यातला एक साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याच्याकडून घेतलेली. नागपूरच्या महाल भागातल्या बोळांतून ती कशीबशी घरापर्यंत आली, पण फाटकातून आत शिरेना, म्हणून शालिकरामजींनी फाटकाचा एक खांबच पाडून टाकला. तो पुन्हा कधी बांधला नाही. तेव्हापासून दिवसा आंगणात पत्र्याच्या छपराखाली मोटार उभी असायची आणि रात्री तिच्याखाली मोहल्ल्यातली कुत्री. पुढे लढाई सुरू झाली, पेट्रोल कुपनावर गेलं, कुपनंही आटत गेली, आणि यंदाच्या चैत्रात शालिकरामजींनी ठरवलं की मोटार आता निजवून ठेवायची आणि खरी गरज पडेल तेव्हाच उठवायची.

खरी गरज मार्गशीर्षात पडली. त्यांची एकुलती लेक शामला उमरेडच्या पलीकडे पिंपळखुट्याला दिलेली. तिला सातवा सरत आलेला, पहिलंच बाळंतपण. फिरतीवर आलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला पाहिलं आणि सांगितलं की अंगात रक्त नाही, पाय सुजतात, हिला नागपुरात इस्पितळाजवळ ठेवा, आणि नेताना गचके बसू देऊ नका. पिंपळखुट्यात इस्पितळ नव्हतं, सुईण होती तिची नजर गेलेली, आणि त्याच घरातली थोरली सून गेल्या साली शामलाला दिलेल्या खोलीतच बाळंतपणात गेली होती. व्याही गणपतराव माणूस वाईट नव्हते, पण रिवाजाला घट्ट. त्यांनी निरोप धाडला की पुनव झाली की पोरीला आठवा लागतो, आठव्यात आमच्याकडे बाईमाणूस वेस ओलांडत नाही, न्यायचं तर त्याआधी न्या. शालिकरामजींनी उलट निरोप धाडला, मी मोटार घेऊन येतो, पोरीच्या पोटातलं पाणी हलणार नाही. आता पुनव चार पावलांवर आली होती आणि ज्याच्या जोरावर हा निरोप गेला होता ते हँडल फिरत नव्हतं.

हँडल का फिरत नसेल याची जेवढी कारणं शालिकरामजींना ठाऊक होती तेवढी एका सकाळी संपली. गियर अडकला असेल म्हणून त्यांनी गियरचा दांडा सोडवून पाहिला. तो मोकळाच होता. मागचं चाक धरलं असेल म्हणून जॅक लावून चाक उचललं, तर चाक सुदर्शनासारखं गरगर फिरलं. मग राहिलं इंजिन. पावसाळ्यात छपरातून पाणी ठिबकलं असणार, आत गंज चढला असणार, असं त्यांनी स्वतःशी ठरवलं आणि ठरवल्याबरोबर त्यांना छपराच्या पत्र्याचा, तो पत्रा ठोकणाऱ्या सुताराचा आणि पावसाळ्याचा एकदमच राग आला.

गंजावर इलाज मातीच्या तेलाचा. ते तरी कुठं मिळतं लढाईच्या दिवसांत, पण देवळातल्या कंदिलासाठी ठेवलेलं थोडं त्यांनी उसनं आणलं, प्लग काढून भोकांत ओतलं आणि दिवसभर वाट पाहिली. काही नाही. दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातली चार धट्टीकट्टी माणसं बोलावली, गियर टाकला आणि मोटार ढकलायला लावली. मोटार ढकलली गेली, पण मागची चाकं फिरलीच नाहीत. दोन नांगरांसारखी आंगण उकरत फाटकापर्यंत गेली. माणसं हसत घरी गेली. मग शालिकरामजींनी इंजिनाखाली विस्तवाची शेगडी ठेवली, ऊब लागून काही सुटेल म्हणून. काही सुटलं नाही, रंग मात्र फुगून निघाला, आणि धूर पाहून त्यांच्या बायकोनं, रुख्मिणीबाईंनी, स्वयंपाकघरातून येऊन शेगडीवर घागर रिकामी केली.

मिस्त्री बोलवावा तर शहरात मिस्त्री उरला नव्हता. हातात कसब असलेला जो तो कामठीला लष्कराच्या गाड्यांवर लागला होता. एक म्हातारा मिस्त्री राहिला होता, तो म्हणाला, मोटार माझ्याकडे आणा, मग पाहतो. मोटार तुझ्याकडे आणता आली असती तर तुझ्याकडे कशाला आलो असतो, असं शालिकरामजींनी त्याला ऐकवलं आणि तिथंही बिनसलं.

त्या संध्याकाळी नत्थूजी आला. नत्थूजी हा रुख्मिणीबाईंचा भाऊ, शहराबाहेर वाडी करून राहणारा, बैलांच्या बाबतीत हौशी. त्याच्याकडे टप घातलेली एक हलकी दमणी होती आणि तिला जुंपायला सावळ्या रंगाची एक जोडी, जिचं कौतुक तो पोटच्या पोरांपेक्षा जास्त करायचा. ओट्यावर बसून त्यानं तंबाखू मळली, आंगणातल्या त्या दोन खोल चरांकडे पाहिलं, यंदा इथं काय पेरणार म्हणून विचारलं, आणि मग सरळ सांगितलं की दमणीत भाताच्या तणसाचा हातभर थर घालू, वर गाद्या टाकू, बैलांना चालतं ठेवू, पळू देणार नाही, मध्ये मुक्काम करू, पोरीला सुखरूप आणू.

शालिकरामजींना हे सुचवणं अपमानासारखं लागलं. इंजिन उघडून बसलेल्या माणसाला बैल सुचवणं म्हणजे काय. गणपतरावांना त्यांनी मोटार म्हणून कळवलं होतं. आता दमणी घेऊन गेले तर व्याही तोंडावर काही बोलणार नाही, पण मिशीत हसेल, आणि ते मिशीतलं हसू शालिकरामजींना आत्ताच दिसत होतं. शिवाय डॉक्टरीणबाईंनी गचके नको म्हटलं होतं. बैलगाडी आणि गचके हे त्यांच्या लेखी एकाच वस्तूची दोन नावं होती.

“माही पोरगी बंडीत येणार नाई,” ते म्हणाले. “उद्या मोटार सुरू होते.”

नत्थूजीनं तंबाखू तोंडात टाकली आणि बैलांना पेंड खाऊ घालून ठेवतो, एवढंच म्हणून निघून गेला. शालिकरामजी त्या पेंडीवरूनही रात्री चिडत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिनाचं डोकं उतरवायला घेतलं. साहेबाच्या ड्रायव्हरला त्यांनी हे काम करताना एकदा पाहिलं होतं, आणि पाहिलेलं काम आपल्याला येतं अशी त्यांची दुसरी पक्की समजूत होती. वरचं झाकण नटांनी आवळलेलं. प्रत्येक नट आपापल्या स्वभावाचा निघाला. काही लगेच सुटले, काहींना पान्यावर नळीचा तुकडा चढवून जोर लावावा लागला, आणि एका नटानं तर पाना गोल करून टाकला पण स्वतः हलला नाही. त्याला छिन्नीनं फोडताना शालिकरामजी जे बोलले ते ऐकून शेजारच्या शोभाताईंनी आपली खिडकी लावून घेतली. रुख्मिणीबाईंनी जेवायला दोनदा बोलावलं. पहिल्यांदा ते आलो म्हणाले, दुसऱ्यांदा नुसता पाना हलवला, आणि तिसऱ्यांदा त्या बोलवायला आल्या नाहीत.

डोकं निघालं. आत चार गोल विहिरी आणि प्रत्येकीच्या आत एक दट्ट्या. शालिकरामजींनी गंज दिसेल म्हणून डोळे बारीक करून पाहिलं. गंज नव्हताच. दट्ट्यांच्या माथ्यावर आणि विहिरींच्या कडांना तांबूस तपकिरी, चकचकीत काहीतरी चढलं होतं. त्यांनी बोटानं दाबलं तर वरून कडक. चाकू लावला तर चामड्यासारखी साल निघाली आणि खाली चिकट, डिंकासारखं. मातीचं तेल त्याच्यावर दोन दिवस तसंच तरंगत होतं.

हे काय आहे ते त्यांना कळेना, आणि न कळण्याचा त्यांना सगळ्यांत जास्त राग यायचा. साहेबानं फसवलं, असं त्यांनी प्रथम ठरवलं. विकताना इंजिनात लाख भरून दिली असेल, खडखड ऐकू येऊ नये म्हणून. पण मग इतकी वर्षं मोटार चालली ती कशी? मग ड्रायव्हरवर संशय, मग पेट्रोलवर, सरकार पेट्रोलमध्ये काय मिसळतं कोणी पाहिलंय. सरकारला शिव्या घालता घालता घसा सुकला तेव्हा ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले.

चुलीशेजारच्या फडताळावर तेलाची बुधली होती. रोज नजरेसमोर असलेली वस्तू माणूस पाहत नाही. आज त्यांनी पाहिली. बुधलीच्या तोंडाला, जिथून वर्षानुवर्षं तेल ओघळलं होतं तिथं, तांबूस तपकिरी साल धरली होती. त्यांनी तांब्या खाली ठेवला. नखानं ती साल उचकटली. वरून कडक, खाली चिकट. हुंगली. जवस.

चैत्रातला तो दिवस त्यांना उभाच्या उभा आठवला. मोटार निजवायची तर आत गंज धरू नये म्हणून प्लगच्या भोकांतून थोडं थोडं तेल सोडून ठेवायचं, ही गोष्ट त्यांना त्याच ड्रायव्हरकडून कळलेली. त्यांनी प्लग काढले, आणि तेवढ्यात बाजारातून बोलावणं आलं. इंजिनाच्या तेलाचा डबा छपराखालच्या फळीवर होता. जाता जाता त्यांनी बायकोला सांगितलं होतं, त्या चार भोकायत तेल सोडजो अन् बुचं लावून देजो.

रुख्मिणीबाई परातीत पीठ मळत होत्या.

“शामलाचे माय,” शालिकरामजी शक्य तितक्या हळू म्हणाले, “चैत्रात म्या तुले मोटारीत तेल सोडाले सांगतलं होतं. कोणतं तेल सोडलं?”

“तेल,” त्या म्हणाल्या.

“अवं पण कोणतं?”

“कोणतं म्हणजे? तेल. ह्या बुधलीतलं.”

आता इथं दोष कोणाला द्यायचा? त्या घरात, त्या मोहल्ल्यात, उभ्या नागपुरात दुसऱ्या प्रत्येक तेलाला आधी त्याचं नाव लावावं लागे. दिव्याचं ते मातीचं तेल, डोक्याचं ते खोबऱ्याचं, सणावाराला येई ते तिळीचं. नुसतं तेल म्हणजे जवसाचं, फोडणीचं, घाण्यावरून आणलेलं. शालिकरामजी स्वतः ताटावर बसून तेल वाढ म्हणत तेव्हा हेच तेल मागत. आणि हे तेल वाऱ्यावर राहिलं की साल धरतं, लाकडावर चढून कडक होतं, हेही त्यांना ठाऊक होतं. दिवाळीआधी दाराच्या चौकटींना ते स्वतः हेच तेल चोपडायचे. नागपूरचा उन्हाळा, तापलेला पत्रा, त्याखाली लोखंड. चार दट्ट्यांना आत वार्निश होऊन बसलं होतं.

हे सगळं त्यांना कळत होतं आणि त्यामुळेच ते ओरडले. मोटारीत कोणी फोडणीचं तेल टाकतं काय, म्हणाले. अक्कल कुठं ठेवली होती, म्हणाले. फळीवर एवढा मोठा डबा दिसला नाही काय, म्हणाले. रुख्मिणीबाईंनी पीठ मळणं थांबवलं नाही. त्यांचं सगळं बोलून झाल्यावर त्या बोलल्या.

“तुमी मोटारीचं नाई म्हटलं. मातीचं नाई म्हटलं. तेल म्हटलं. त्या महिन्यात भाजी कोरडी झाली तं तुमी ताट सरकवलं होतं. म्या तवाच सांगतलं, तेल मोटारीले गेलं. तुमी काय म्हटलं होतं?”

काय म्हटलं होतं ते शालिकरामजींना आठवत होतं. जाऊ दे, असं म्हटलं होतं. मोटार आधी, भाजीचं काय. त्या वेळीसुद्धा त्यांच्या डोळ्यांपुढं फळीवरचा डबा होता.

“मोटार कायनं अडली, मले काही करायचं नाई,” रुख्मिणीबाई म्हणाल्या, आणि आता त्यांचे पिठातले हात थांबले. “ते पोरगी आठव्यात तिथं अडकली, तं म्या तुमाले माफ करणार नाई अन् मलेही नाई. म्या उद्या पहाटे नत्थूच्या दमणीत जाऊन राहिली. तुमचं झालं तं या.”

“जा,” शालिकरामजी म्हणाले. “बैलायच्या मांगं बसून गचके खा. म्या तुमच्या आधी पोचतो.”

हे बोलायला नको होतं, हे त्यांना बोलता बोलताच कळलं. पण तोंडातून निघालेला भाव परत घ्यायची त्यांना सवय नव्हती.

पहाटे दमणी गेली. शालिकरामजींनी घुंगरांचा आवाज अंथरुणातूनच ऐकला आणि कूस बदलली. मग झोप येईना म्हणून उठले आणि सरळ चूल पेटवली. मोठ्या हंड्यात पाणी ठेवलं आणि घरात होता नव्हता तो धुण्याचा सोडा त्यात टाकला. जुना रंग काढायला दारांना हे पाणी लावतात हे त्यांनी पाहिलेलं होतं. उकळतं पाणी त्या चार विहिरींत ओतलं, निवलं की चिंध्यांनी टिपलं, पुन्हा ओतलं. साल सुटू लागली, पण तिच्या मर्जीनं. बांबूच्या कामट्या करून त्यांनी कडा खरवडल्या. सोड्यानं सोललेल्या बोटांची आग आग झाली. मग धुण्याची मोगरी घेतली, दट्ट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवला आणि ठोकायला सुरुवात केली. एक ठोका, शिवी, एक ठोका, शिवी. दट्ट्या ढिम्म.

दुपार कलली तेव्हा त्यांना पहिल्यांदा भीती वाटली. राग इतके दिवस पुढे होता म्हणून भीतीला जागाच मिळाली नव्हती. घरात आवाज नव्हता. दमणी आता कुठं असेल याचा त्यांनी अंदाज केला, मग शामलाचे सुजलेले पाय डोळ्यांपुढं आले, मग ती थोरली सून, जिच्या लग्नात त्यांनी स्वतः जेवणाच्या पंगती वाढल्या होत्या. जर आत्ता दमणी वाटेत मोडली, बैल बसला, व्याह्यांनी मोटार नाही म्हणून पोरगी सोडली नाही, तर हे सगळं एका शब्दावरून झालं असं म्हणायचं. ते मोटारीच्या पायरीवर बसले आणि रडले. रडतानाही त्यांना चीड येत होती, कारण हात सोड्याचे होते आणि डोळे पुसता येत नव्हते.

मग उठून पुन्हा ठोकायला लागले. दिवेलागणीच्या सुमारास ठोकळा जरा खाली गेल्यासारखा वाटला. त्यांनी हँडल धरलं आणि भार टाकला. हँडल कुरकुरलं, करवादलं, आणि फिरलं. इतके दिवस या क्षणाची वाट पाहिली होती, पण आनंद करायलाही अंगात काही उरलं नव्हतं. त्यांनी विहिरी कोरड्या पुसल्या, फळीवरचा डबा काढला, त्यातलं तेल सोडलं, आणि मोटारीपाशीच बाजेवर आडवे झाले.

सकाळी डोकं बसवायला गेले तर जोडाचं पातळ पॅकिंग काढताना एका बाजूनं फाटलेलं निघालं. दुसरं मिळणं शक्य नव्हतं. फाटलेल्या जोडाला शेंदूर कालवून लावतात, हे नळवाल्यांकडून त्यांना ठाऊक होतं. शेंदूर देव्हाऱ्यात होता. पण तो कालवायला लागतं जवसाचं तेल, दुसरं चालत नाही, कारण त्यालाच साल धरते आणि जोड घट्ट बसतो. शालिकरामजी स्वयंपाकघरात गेले, बुधलीतून पळीभर तेल घेतलं आणि शेंदूर कालवला. त्यांना हसू आलं नाही. पुढं कधीतरी येईल असंही त्यांना वाटलं नाही.

नट आवळले, पाणी भरलं, जपून ठेवलेलं पेट्रोल टाकीत ओतलं. हँडल मारून मारून खांदा निखळायची वेळ आली तेव्हा इंजिन एकदा ठसकलं, पांढऱ्या धुराचा लोट निघाला आणि मोटार सुरू झाली. चारातले तीनच दट्ट्ये काम करत होते, त्यामुळे सगळी मोटार हिवताप आल्यासारखी थडथडत होती, पण सुरू होती. “शामलाचे माय,” असं ते सवयीनं आतल्या बाजूला ओरडले, आणि मग घरात कोणी नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

शहराबाहेरची दिघोरी मागे पडली. उमरेडचा रस्ता धुळीचा, दोन्ही बाजूंनी हरभऱ्याची शेतं. एकदा बंद पडली की ही पुन्हा सुरू होणार नाही हे शालिकरामजी पुरतं ओळखून होते, म्हणून कुठं थांबले नाहीत, पाणी प्यायलासुद्धा नाही. पुनव उद्या. आज संध्याकाळच्या आत पोरीला मोटारीत बसवायची आणि गणपतरावांच्या दारातून भोंगा वाजवत निघायचं, एवढंच डोक्यात होतं. त्या भोंग्याचा विचार करून त्यांना किती दिवसांनी जरा बरं वाटलं.

उन्हं डोक्यावर असताना समोर धूळ दिसली. धूळ अगदी थोडी, कारण गाडी अगदी हळू येत होती. सावळी जोडी त्यांनी लांबूनच ओळखली. नत्थूजी गाडीवर बसलेला नव्हता. जूवर हात ठेवून बैलांच्या बरोबरीनं चालत होता आणि रस्त्यातले दगड पायानं बाजूला सारत होता. बैलांच्या गळ्यातली घुंगरं काढून ठेवली होती.

शालिकरामजींनी मोटार बाजूला घेतली, इंजिन चालूच ठेवलं आणि लंगडत दमणीकडे धावले. टपाच्या आत रुख्मिणीबाई बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून, गाद्यांच्या आणि तणसाच्या खोल घरट्यात, शामला झोपली होती. तोंड जरा उघडं, एक हात पोटावर. लहानपणी तापातून उठल्यावर झोपायची तशी.

“उठव तिले,” ते म्हणाले. “मोटार आणली म्या.”

रुख्मिणीबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. हळू आवाजात त्यांनी सांगितलं की गणपतराव मोटारीबद्दल एक शब्द बोलले नाहीत, उलट स्वतः वेशीपर्यंत पोचवायला आले. पोरगी मात्र किती रात्री डोळ्याला डोळा लावून नव्हती, थोरलीच्या त्या खोलीत तिला झोपच लागत नव्हती. वेस ओलांडली आणि थोड्या वेळानं जी झोपली ती अजून झोपलेलीच आहे.

“अन् गचके?” शालिकरामजींनी विचारलं.

“नाई बसले,” रुख्मिणीबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर शालिकरामजींना उत्तर सुचलं असतं.

“मंग आता म्या काय करू?”

रुख्मिणीबाईंनी थडथडणाऱ्या मोटारीकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या हातांकडे, सोललेल्या बोटांकडे, आणि त्यांचा चेहरा मऊ झाला.

“मांगून या,” त्या म्हणाल्या. “पण जरा दूरच राहा. आवाजानं उठन ते.”

दमणी पुढे निघाली. शालिकरामजींनी शेतात घालून मोटार वळवली आणि तिच्या मागे घेतली. पहिल्या गियरमध्ये टाकली तरी ती बैलांच्या पुढं जायची, म्हणून सारखा ब्रेक दाबून धरावा लागत होता. जवळ गेलं की टपातून रुख्मिणीबाईंचा हात बाहेर यायचा आणि मागं राहा म्हणून हलायचा. मागं राहिलं की इंजिन मरायला टेकायचं. इतक्या कष्टानं उठवलेली मोटार बैलांच्या चालीनं न्यावी लागत होती, व्याह्यांच्या दारात भोंगा वाजला नव्हता, टाकीतलं पेट्रोल धुरात चाललं होतं, आणि पाणी उकळून टोपणातून वाफ येऊ लागली होती. शालिकरामजींना या सगळ्याचा भयंकर राग येत होता, आणि पुढच्या टपावरून त्यांची नजर क्षणभरही हलत नव्हती.

समोरून कुऱ्हाड खांद्यावर घेतलेला एक माणूस आला. बैलगाडीमागं वाफा सोडत सरपटणारी ही मोटार पाहून तो रस्त्याच्या कडेला थांबला, आणि ती त्याच्या बाजूनं हळूहळू जात असताना त्यानं मोठ्यानं, भल्या मनानं विचारलं की मालक, मोटार बिघडली काय, चार माणसं बोलावू काय ढकलायला.

शालिकरामजींनी स्टिअरिंगवरचा सोललेला हात उचलून त्याला गप्प केलं.

“हळू बोल गा,” ते म्हणाले. “समोर पोरगी झोपून राहिली माही.”